बानशानचे रंगीत मडके: मातीपासून भट्टीपर्यंत

चीनच्या गान्सू प्रांतातील बानशान येथे १९२४ साली योहान गुन्नार आंडरसन या स्वीडिश भूगर्भशास्त्रज्ञाला थडग्यांमधली मोठी रंगीत मडकी मिळाली. फुगीर पोट, आखूड मान, पोटाच्या सर्वांत रुंद भागावर समोरासमोर दोन कान आणि खांद्यावर काळ्या-लाल भोवऱ्यांची नक्षी, असे त्यांचे रूप. माजियायाओ संस्कृतीच्या मधल्या टप्प्यातली, म्हणजे साधारण इ. स. पू. २६०० ते २३०० या काळातली ही भांडी. चीनच्या रंगीत मृत्पात्रांमध्ये यांच्याइतका आकार आणि नक्षीचा मेळ क्वचितच कुठे दिसतो, असे आमचे मत आहे. अशाच धाटणीचे २५ सेंमी उंचीचे एक मडके कसे घडवायचे, रंगवायचे आणि भाजायचे, ते इथे सांगितले आहे. मूळ मडकी बरीचशी याहून मोठी असतात. पण पहिल्या खेपेला ही उंची हातात मावते आणि घरगुती भट्टीतही बसते.

एक गोष्ट आधीच पक्की ध्यानात घ्या. या मडक्यांवर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, नाही. रंग कच्च्या मातीवर लावतात आणि मातीबरोबरच तो भट्टीत पक्का होतो. म्हणून रंग, त्याखालचा घोटलेला थर आणि आतली माती हे तिन्ही एकत्र आकसले पाहिजेत, एकत्र भाजले पाहिजेत. नक्षी टिकणार की झडणार, याचा निकाल कुंचला हातात घेण्याआधीच लागलेला असतो.

प्राचीन चीनमध्ये भाजून झाल्यावर रंगवलेली भांडीही भरपूर आहेत. शान्शी प्रांतातील थाओस येथे सापडलेली नागाकृती रंगवलेली थाळी त्या प्रकारातली, आणि हान काळातली थडग्यांत ठेवलेली कित्येक भांडीही. त्यांचा रंग मातीवर नुसता बसलेला असतो, पाण्याने आणि घासण्याने निघतो. भाजलेल्या मडक्यावर तयार रंग लावून बानशानची नक्षी काढली तर दिसायला ती जवळपास तशी दिसेल, पण ते वेगळे काम झाले.

मातीकामात अगदीच नवे असाल तर आधी बानपोचा वाडगा करा. शीआन शहराजवळच्या बानपो वस्तीत (उत्खनन १९५४ ते १९५७) असे लाल वाडगे मिळाले आहेत: २० सेंमी तोंडाचे, साधे, काठावर बोटभर रुंदीचा काळा पट्टा. खाली दिलेली माती, घोटाई, काळा रंग आणि भट्टी यांची परीक्षा त्या एका वाडग्यावर होते आणि फसला तरी दीड किलो मातीच जाते.

माती

या मडक्याला ४ किलो मळलेली माती लागते. सुमारे ३ किलो मडक्यात जाते, उरलेली चाचण्यांना, कानांना आणि लेपाला हाताशी ठेवा.

त्या काळच्या कुंभारांनी मातीत स्पष्ट फरक केलेला दिसतो. चुलीवर चढणाऱ्या भांड्यांत वाळू घालत, कारण भरड माती तापण्या-निवण्याचे धक्के सोसते. रंगवायच्या भांड्यांसाठी बारीक, खडे काढलेली माती घेत. आपल्यालाही तीच हवी. कुंभाराकडून लाल भाजणारी माती आणा, पाण्यात भिजवून तिची राबडी करा, ६० मेशच्या चाळणीतून गाळा आणि जाड कापडावर किंवा प्लास्टरच्या लादीवर टाकून मळण्याजोगी घट्ट होऊ द्या. मग ओल्या गोणपाटात गुंडाळून किमान दोन आठवडे मुरवा. मुरलेली माती वळताना तडकत नाही.

महाराष्ट्रात माती निवडताना दोन अडचणी येतात. पहिली, नुसती काळी माती. ती भिजून फुगते आणि वाळताना इतकी आकसते की तिचे मडके वाळतानाच फुटते. दुसरी, चुनखडी. दख्खनच्या मातीत पांढरे बारीक खडे बऱ्याचदा असतात. भट्टीत ८०० अंशांच्या पुढे त्यांचा कळीचा चुना होतो, नंतर हवेतला ओलावा पिऊन तो फुगतो, आणि मडके भट्टीतून चांगले निघाल्यावर चार-आठ दिवसांनी त्याचे टवके उडू लागतात. संशय आल्यास वाळलेल्या मातीवर लिंबू पिळा. फसफसली तर चुना आहे. गाळून बारीक झालेला चुना फारसा त्रास देत नाही, खडे देतात. कोकण-गोव्यातली जांभ्याची लाल माती रंगाने मोह घालते, पण तिला चिकटपणा कमी. भातखाचरातली किंवा तळ्याच्या तळची चिकण माती जास्त उपयोगी. परदेशात राहणाऱ्यांनी दुकानातली बारीक, लाल टेराकोटा माती घ्यावी.

आता आकसण्याची चाचणी. १ सेंमी जाडीची पट्टी थापा, तिच्यावर बरोबर १० सेंमीची रेघ ओढा, पूर्ण वाळवून पुन्हा मोजा. रेघ ९.२ ते ९.५ सेंमी भरली तर माती योग्य. ९ च्या खाली गेली तर बारीक चाळलेली वाळू किंवा भाजक्या मातीची पूड वजनाने १० टक्के मिसळा आणि चाचणी पुन्हा करा. वाळू जास्त झाली की घोटताना कण वर येऊन ओरखडे पडतात, म्हणून गरजेपेक्षा जास्त घालू नका.

घडवण

१. फिरत्या पाटावर १० सेंमी व्यासाची, १ सेंमी जाडीची चकती थापा. हा बूड. पाट सावकाश फिरणारा चालेल. बानशानचे कुंभारही अंग वळ्यांनी उभे करत आणि सावकाश फिरवून तोंड सारखे करत.

२. दीड सेंमी जाडीच्या वळ्या करा. पहिली वळी बुडाच्या काठावर बसवा. आतून अंगठ्याने माती खाली ओढा, बाहेरून बोटाने वर ओढा. दोन्ही बाजूंनी सांधा पुसला गेलाच पाहिजे. नुसती दाबलेली वळी भट्टीत आडव्या चिरीने उघडते.

३. तीन किंवा चार वळ्या झाल्या की थांबा. खालचा भाग थोडा घट्ट होऊ द्या. पुढची वळी जिथे बसणार तो काठ मात्र ओल्या फडक्याने झाका. घाई केली तर पोट वजनाने खाली बसते. पोट सुमारे १५ सेंमी उंचीवर २६ सेंमी रुंद होईल असे बाहेर न्या, मग वळ्या थोड्या थोड्या आत घेत खांदा वळवा.

४. दर टप्प्याला आतून गुळगुळीत गोटा धरा आणि बाहेरून लाकडी थापीने हलके ठोका. भिंत ६ ते ७ मिमी जाडीची हवी. ठोकल्याने वळ्या एकजीव होतात आणि आतली हवा निघते. थापीला दोरी गुंडाळून ठोकले की अंगावर दोरीचे ठसे उमटतात. चीनच्या साध्या वापराच्या भांड्यांवर हे ठसे सर्रास दिसतात, पण आपल्याला रंगासाठी सपाट पृष्ठभाग हवा, तेव्हा थापी नितळ ठेवा.

५. मानेचा बाहेरचा व्यास १० सेंमी आणि उंची ४ सेंमी. काठ किंचित बाहेर वळवा. पाट फिरवत ओल्या चामड्याच्या पट्टीने तो सारखा करा.

६. कान शेवटी. २ सेंमी रुंद, ८ सेंमी लांब पट्ट्या वळवा. मडके आणि कान यांचा ओलावा सारखा असताना दोन्हीकडे ओरखडे काढून, पातळ मातीने चिकटवा. मडके कोरडे आणि कान ओला असेल तर कान वाळताना जास्त आकसतो आणि सांध्यापाशी सुटतो. नवशिक्यांच्या हातून सर्वांत जास्त मडकी इथेच जातात.

घोटाई

मडके अर्धवट वाळू द्या. बोटाने दाबल्यावर वाकत नाही, पण नखाची खूण उमटते, ही ती वेळ. स्टुडिओत तिला लेदर-हार्ड म्हणतात. लोखंडी पट्टीने उंचवटे खरवडून काढा.

आता लेप. गाळलेल्या मातीतली १ किलो माती ३ लिटर पाण्यात घुसळून रात्रभर ठेवा. वरचे स्वच्छ पाणी हळूच काढून टाका. त्याखालचा सायीसारखा पातळ थर वेगळा घ्या. तळाशी बसलेली भरड माती नको. हा सायीसारखा बारीक गाळ मऊ कुंचल्याने खांद्यावर आणि मानेवर दोन हात लावा. तो अंगच्याच मातीचा असल्याने अंगाबरोबर आकसतो. दुसऱ्या मातीचा लेप घेतला तर आधी चाचणीच्या पट्टीवर लावून भाजून पाहा.

लेपाची ओली चमक गेली की घोटायला घ्या. नदीतला गुळगुळीत गोटा किंवा अकीकाचा घोटा चालतो. छोटे, एकमेकांवर चढणारे हात फिरवा, आधी आडवे, मग उभे. गोटा चिकटू लागला, मातीचे बारीक गोळे निघू लागले तर थांबा, अजून ओल आहे. कोरडा खरखर आवाज येतो आणि चमक येत नाही, म्हणजे उशीर झाला; ओल्या फडक्याने पुसून, लेपाचा एक पातळ हात देऊन पुन्हा वाट पाहा. मधल्या दोन-तीन तासांतच हे काम होते, आणि मे महिन्यात विदर्भात तेवढेही मिळत नाहीत, तेव्हा मडके प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून एकेक भाग उघडा.

घोटल्यावर उघड्या हाताने पृष्ठभागाला शिवू नका. बोटांचे तेल लागले तिथे रंग बसत नाही.

काळा आणि लाल

लाल सोपा आहे. गेरू म्हणजे लोहाचे ऑक्साइड. मोकळ्या हवेत भाजले तरी ते लालच राहते. मूळ मडक्यांवरचा लालही लोहाचाच.

काळ्याचे काय करायचे हा खरा प्रश्न. काजळी किंवा कोळसा भट्टीत जळून जातो. काळे लोह हवेत तापले की लाल होते. म्हणजे मातीही स्वच्छ तांबूस भाजायची आणि तीच नक्षी काळीही राहायची, तर लोहाला मँगनीजची जोड हवी. या मडक्यांवरचा काळा लोह-मँगनीज खनिजांचा आहे. शान्शी नव्हे, शेजारच्या शाआन्शी प्रांतातील ज्यांगचाय येथे, यांगशाओ या नवाश्मयुगीन संस्कृतीच्या काळातल्या एका थडग्यात रंगकामाचा पूर्ण संच मिळाला आहे: दगडी पाटा, वाटायचा दगड, मातीची वाटी आणि काळ्या रंगाचे तुकडे. मँगनीजचे साठे महाराष्ट्रातही आहेत, नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत. डोंगरी बुजुर्गची खाण तर मँगनीज डायऑक्साइडसाठी प्रसिद्ध आहे. तरी सुरुवातीला कच्चे खनिज न वापरता मातीकाम साहित्याच्या दुकानातली शुद्ध पूड घ्या. जुन्या बॅटरीतला काळा भुगा मुळीच नको; त्यात कोळसा आणि क्षार मिसळलेले असतात.

काळ्यासाठी कोरड्या वजनाने: मँगनीज डायऑक्साइड ४० ग्रॅम, चांगला गेरू २० ग्रॅम, वर केलेला बारीक गाळ वाळवून ४० ग्रॅम.

लालसाठी: गेरू ५० ग्रॅम, तोच गाळ ५० ग्रॅम.

दोन्ही वेगवेगळे, पाणी घालून, खलात तासभर वाटा. दोन बोटांत चोळल्यावर कण लागता कामा नये. गाळ का घालायचा? ९५० अंशांना ही खनिजे स्वतःहून मातीला धरत नाहीत, गाळ त्यांना बांधून ठेवतो. गाळ कमी पडला तर भाजलेल्या मडक्यावर हात फिरवताच बोट काळे होते. जास्त झाला तर काळा तपकिरी पडतो. सांगितलेल्या प्रमाणापासून ५-५ ग्रॅमने दोन्हीकडे सरकून तीन पट्ट्या भाजा आणि तुमच्या मातीला शोभेल ते प्रमाण ठरवा.

मँगनीजची धूळ श्वासातून गेली तर मज्जासंस्थेला अपाय करते. मास्क लावा, पूड ओलीच वाटा, सांडलेली ओल्या फडक्याने पुसा, आणि भट्टी चालू असताना खोलीत बसू नका.

नक्षीची आखणी

बानशानच्या मडक्यावर रंग खांद्यावर आणि पोटाच्या वरच्या भागात असतो. कानांच्या खाली अंग कोरे. मडके जमिनीवर ठेवून वरून पाहिले तर मान हा मध्य होतो आणि चारी भोवरे त्याच्याभोवती फुलतात. बहुधा ते असेच, वरून पाहिले जाण्यासाठी रंगवलेले असावे. निदान तुम्ही आखताना मडके खाली ठेवा आणि उभे राहून पाहत राहा. टेबलावर समोरून आखलेली नक्षी वरून पाहिल्यावर वाकडी निघते.

मानेभोवती दोरा गुंडाळा, घेर तोडा, दुमडा, पुन्हा दुमडा. या चार खुणा कोळशाच्या कांडीने मानेच्या तळाशी करा. कोळशाची रेघ भट्टीत जळून जाते. कान दोन खुणांच्या बरोबर खाली येऊ द्या. प्रत्येक खुणेपासून सरळ खाली, मान आणि कान यांच्या मधोमध, एक बिंदू द्या. हे चार भोवऱ्यांचे मध्य. तिथे खांद्याचा घेर अंदाजे ६३ सेंमी भरतो, म्हणजे दोन मध्यांमध्ये जवळपास १६ सेंमी. प्रत्येक बिंदूभोवती ४ ते ५ सेंमी व्यासाचे वर्तुळ काढा.

आता मुख्य रेघ. एका वर्तुळाच्या माथ्यावरून ती निघते, उजवीकडे तिरकी उतरते आणि पुढच्या वर्तुळाच्या तळाखालून वळून त्याला कवेत घेते. चारही जागी हेच, त्याच दिशेने. वर मानेपाशी आणि खाली कानांच्या पातळीवर एकेक आडवा पट्टा नक्षीला धरून ठेवतो. चारांतला एक जरी मध्य वर-खाली झाला तर शेवटच्या रेघेला पहिलीशी जुळायला जागा उरत नाही, म्हणून रंग घेण्याआधी पूर्ण फेरी कोळशाने जुळवा.

रंगवणे

लांब केसांचा, टोकदार कुंचला घ्या, रेघ लांब ओढली तरी रंग पुरेल असा. मडके अजून किंचित ओलसर असावे. अगदी कोरड्या मडक्यावर लावलेल्या रंगातले पाणी क्षणात शोषले जाते. रेघ मध्येच तुटते आणि नंतर पापुद्रा सुटतो.

आधी लाल. आखलेल्या प्रत्येक मुख्य रेघेवर ६ ते ८ मिमी रुंदीचा लाल पट्टा. हात हवेत न धरता करंगळी मडक्यावर टेकवा, मध्ये स्वच्छ कागद ठेवून, आणि दुसऱ्या हाताने पाट फिरवा. कुंचला स्थिर, मडके फिरते.

लाल सुकला की दोन्ही बाजूंनी काळा. लाल आणि काळा यांच्यात २ ते ३ मिमी मोकळी माती सोडा. काळ्याची लालकडची कड आता करवतीसारखी दातेरी करायची: दर ३-४ मिमीवर छोटा त्रिकोण, टोक लालकडे. हे दात ही बानशानची ओळख. कुंचल्याचे टोक टेकवून काळ्या पट्ट्याकडे ओढत सोडले की त्रिकोण आपोआप होतो. बाह्यरेषा काढून भरत बसू नका, दात थिजलेले दिसतात. मूळ मडक्यांवरचे दात जवळून पाहिले तर ते सारखे नसतात, पण त्यांची लय सुटत नाही.

वर्तुळांच्या आत जाळी, सोंगटीपटासारखे चौकोन किंवा बारीक आडव्या-उभ्या रेघा भरतात. पहिल्या मडक्याला जाळी पुरे. माछांग या नंतरच्या टप्प्यात हीच वर्तुळे मोठी होतात आणि जोडीला बेडकासारखी वाकलेल्या हातापायांची आकृती येते. छिंगहाय प्रांतातील ल्यूवान येथे दीड हजाराहून जास्त थडगी मिळाली, तिथल्या मडक्यांवर ती भरपूर दिसते. ती काढण्याचा मोह पहिल्याच मडक्यावर आवरा. दोन टप्प्यांची सरमिसळ जाणकाराच्या डोळ्याला लगेच खटकते.

रंग हाताला लागेनासा झाला की घोट्याने रंगावरूनच अगदी हलका हात द्या. रंग पृष्ठभागात दबतो आणि त्याला घोटलेल्या मातीशी मिळती चमक येते. काळा पसरू लागला तर लगेच थांबा.

चुकलेली रेघ पुसू नका, डाग राहतो. पूर्ण सुकू द्या, धारदार पात्याने खरवडा, घोटा आणि पुन्हा काढा.

वाळवणे आणि भाजणे

सावलीत, वारा थेट लागणार नाही अशा जागी दोन आठवडे. पावसाळ्यात याहून बराच जास्त वेळ धरा. मडके गालाला लावल्यावर गार लागले तर आत पाणी आहे. जाळीवर ठेवा, म्हणजे बूडही वाळेल.

विजेच्या भट्टीत क्रम असा. झाकण किंचित उघडे ठेवून ३ तास ९० अंशांवर. मग तासाला १०० अंशांनी ६०० पर्यंत. ५७३ अंशांपाशी मातीतले क्वार्ट्झ अचानक फुगते, तिथे घाई केली तर चीर जाते. ६०० ते ८५० याच गतीने, आणि भट्टीची हवा वाहती ठेवून. मातीतला सेंद्रिय अंश या टप्प्यात जळतो. हवा कमी पडली तर भिंतीच्या आत राखाडी पट्टा राहतो. पुढे ९५० पर्यंत तासाला १५० अंश, तिथे २० मिनिटे थांबा, बंद करा. १२० च्या खाली आल्याशिवाय झाकण उघडू नका. १,००० च्या वर घोटाईची चमक मरू लागते, आणि त्याहून बरेच वर गेल्यास मँगनीजला फोड येतात.

कुंभाराच्या उघड्या आव्यात भाजायचे असेल तर मडके मोठ्या जुन्या मडक्यात उपडे ठेवा आणि वर झाकण द्या. गोवऱ्यांची ज्वाला थेट लागली की धुराचे काळे डाग पडतात आणि लाल मळकट होतो. बानपोच्या भट्ट्यांत जाळ वेगळ्या कोठडीत असे आणि उष्णता नळ्यांतून मीटरभर रुंदीच्या कोठीत वर येई. भांड्यांपर्यंत ज्वाला कमी पोहोचे, त्यामुळेच त्यांचा रंग इतका स्वच्छ. आव्यात तापमानही कमी मिळते, तेव्हा काळ्यात आणि लालमध्ये गाळ ५-१० ग्रॅम वाढवा.

बाहेर काढल्यावर काही दोष दिसतील. पृष्ठभागावर पांढरी भुकटी आली असेल तर पाण्यातले क्षार वर आले आहेत. पुढच्या वेळी बोअरवेलचे पाणी टाळा आणि पावसाचे घ्या. काळा तपकिरी पण घट्ट बसलेला असेल तर रंग पातळ लागला. काळा पापुद्र्याने सुटला तर जाड लागला, किंवा मडके फार कोरडे होते. बुडाला वाकडी चीर असेल तर बूड भिंतीपेक्षा सावकाश वाळले.

हे मडके पाणी झिरपवते आणि त्यावर मँगनीज आहे. त्यात खायचे-प्यायचे काही ठेवू नका. बुडाखाली, भाजण्याआधीच, आपले नाव आणि साल कोरा. बानशानच्या बनावट मडक्यांचा बाजार मोठा आहे आणि उद्या तुमच्या मडक्याला कोणी जुने म्हणून विकू नये.

मूळ मडकी पाहायची असतील तर लान्चौ येथील गान्सू प्रांतिक संग्रहालय आणि स्टॉकहोमचे पूर्व आशियाई संग्रहालय या दोन जागा पहिल्या. छायाचित्रांवरून शिकत असाल तर समोरून घेतलेल्यांपेक्षा वरून घेतलेली शोधा. भोवऱ्यांची मोजणी, दातांची दिशा आणि मानेपाशी रेघा कशा मिटतात, हे त्यांतच दिसते.